पहिलीच नोटीस मराठीत हवी

धंद्यासाठी कॅश क्रेडिट घ्यायचे आणि तारण म्हणून राहते घर गहाण टाकायचे, ही छोट्या उद्योजकाची नेहमीची वाट. खाते ९० दिवस थकीत राहिले की ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते. मग २००२च्या सरफेसी कायद्यानुसार बँक न्यायालयात दावा न लावता घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, हे २०२०मध्ये मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले.

बँकेच्या हाती हा अधिकार हवाच, कारण बुडणारा पैसा ठेवीदारांचा असतो. पण या कायद्यात कर्जदाराचे सारे हक्क मुदतीला बांधलेले आहेत. थकबाकी भरण्यासाठी मागणी नोटिशीनंतर ६० दिवस मिळतात. त्यात लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत कारणे देऊन उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला फक्त ४५ दिवस. पूर्वी विक्री होईपर्यंत सगळी बाकी भरून तारण सोडवता येत असे. २०१६च्या दुरुस्तीने लिलावाची नोटीस प्रसिद्ध होताच तो हक्क संपतो, आणि बाफना मोटर्स खटल्यात २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याही आधी, आजारी लघुउद्योग सावरण्यासाठी २०१५ची नियमांची चौकट आहे. ती बँकांवर बंधनकारक असल्याचे याच न्यायालयाने २०२४मध्ये सांगितले. मात्र आपण लघुउद्योग आहोत याचे कागद खाते एनपीए होण्याआधीच बँकेत दिलेले हवेत, असेही त्या निकालात म्हटले होते.

म्हणजे घर वाचवण्याची खरी संधी सुरुवातीलाच असते, आणि नेमकी तेव्हाच माहिती अपुरी पडते. ताबा नोटीस स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रातही छापलीच पाहिजे, असा नियम आहे. कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या हाती पडणारी पहिली, म्हणजे मागणी नोटीस मात्र बहुधा कायद्याच्या इंग्रजीत असते. घर गेल्याची बातमी गावाला मराठीत कळते. ते वाचवायचे कसे, हे घरच्यांना मराठीत कळत नाही.

रिझर्व्ह बँकेने हा अन्याय दूर करावा. खाते डळमळू लागताच लघुउद्योजकाला २०१५च्या चौकटीची लेखी माहिती मिळावी. मागणी नोटीस मराठीतही असावी आणि हरकत, दाद व तारणमुक्ती यांच्या मुदती तिच्या पहिल्याच पानावर ठळक छापाव्यात. यात वसुलीचा एक दिवसही वाया जात नाही. कर्ज मंजूर करताना बँकेचा माणूस घरी येऊन मराठीत बोलतो; घर काढून घेतानाही बँकेने तेवढे मराठीत सांगावे.