हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या वयाच्या माणसांना दोन गोष्टी आठवतात. एक ट्रंकेतला स्वेटर आणि दुसरा हयातीचा दाखला. स्वेटरचं काय, आमचं धाराशिव बालाघाटाच्या डोंगरावर असल्यामुळे तो लागतोच. पण आज लिहायचं आहे ते दाखल्याबद्दल.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी (म्हणजे आमच्या नातवंडांसाठी!) थोडक्यात सांगते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा सरकारला कळवावं लागतं, की बाबांनो, मी अजून आहे. कोषागार कार्यालयाकडून बँकेत एक यादी येते. यादीत आपलं नाव शोधायचं, त्यापुढे सही करायची. सही जमत नसेल तर अंगठा. ते केलं नाही तर पुढे पेन्शन थांबते. प्रकरण एवढंच.

मी १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. पस्तीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली. आता वर्षातून एकदा माझी हजेरी कुणीतरी घेतं, आणि मी मनातल्या मनात "हजर!" म्हणून सही ठोकते. गंमत बघा, हयात, दाखला, सही, हजर हे चारही शब्द मुळात अरबी. फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथेच मुरले. आमचा मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळे आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'हयात' हा शब्द रोजचा. "त्यांच्या हयातीत असं नव्हतं झालं," असं आजी म्हणायची. असो. मराठीच्या बाईंना शब्द दिसला की फळ्याकडे वळायची सवय असते, ती काही जात नाही.

तर मुद्दा असा, की हा दाखला आता घरबसल्या देता येतो. 'जीवन प्रमाण' ही सोय २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आधी बोटाचा ठसा लागायचा, २०२१ पासून नुसता चेहरा दाखवला तरी चालतं. फोन समोर धरायचा आणि सांगेल तेव्हा पापण्या मिटायच्या. माझा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "आई, कशाला उन्हातान्हात बँकेत जातेस? पापणी मिटली की काम झालं!"

मी म्हटलं, "अरे, आमच्या भाषेत पापणी मिटली की सगळंच काम झालं म्हणतात!"

तो हसला, पण त्याला माझं म्हणणं पटलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझं मत असं आहे, की ज्याला चालता येतं त्याने नोव्हेंबरात स्वतः बँकेत जावं. आणि मुलांनी प्रेमापोटी का होईना, आई-वडिलांच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेऊ नये. निवृत्तीतला आनंद हा मोकळ्या वेळात नसतो. तो मोकळ्या वेळात कुणाकडे तरी जाण्यात असतो.

आता बँकेत काय होतं ते सांगते. तेरहून, बेंबळीहून, येडशीहून माणसं एसटीने येतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी मोफत आहे, आणि आम्हा बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट. (मी आता चौऱ्याहत्तरीत आहे. पंचाहत्तरीची वाट एवढ्या उत्साहाने बघणारी मी एकटीच नसेन!) रांगेत गणिताचे आमचे जुने सर भेटतात. कानात यंत्र आलं, पण पाढे तोंडपाठ. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाला पणती झालेली असते. "तुम्ही बारीक दिसता," असं प्रत्येक जण प्रत्येकाला म्हणतो आणि दोघांनाही बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी रांगेत मागून एक गृहस्थ पुढे आले. केस पांढरे, हातात कागदांची पिशवी. वाकून नमस्कार केला. "बाई, मी १९७९ ची दहावी. आता मीही रिटायर झालो." म्हणजे ज्याची मी हजेरी घेत होते तो आता माझ्याच यादीत! म्हणाला, "बाई, आता आपण एकाच वर्गात." चेहरा दाखवून दाखला मिळाला असता, पण हे वाक्य कुठून मिळालं असतं?

रांगेत नुसत्या गप्पा होतात असंही नाही. पुढच्या वर्षभराचे बेत तिथे ठरतात. २०२० च्या जानेवारीत आमच्या गावात ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. आम्ही चार जणींनी तिन्ही दिवस जायचं, डबे कुणी आणायचे, सतरंजी कुणी आणायची, हे सगळं आधीच्या नोव्हेंबरात बँकेच्या बाकावर ठरलं होतं. येळवशीची निमंत्रणंही तिथेच मिळतात. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडचा हा आमचा सण. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोप करून आत पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. ज्याचं शेत नाही त्याने कुणाच्या तरी शेतावर जायचंच, असा रिवाज. माझं शेत नाही. पण गेल्या कित्येक वर्षांत येळवशीला मी घरी जेवलेली नाही, ते या रांगेच्या कृपेने.

आणि हसू येईल असंही काही असतं. यजमान गेल्यापासून मी कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या यादीतही सही करते. त्या कागदावर पुनर्विवाहाचाही एक रकाना असतो. पहिल्या वर्षी तो रकाना वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं. दुसऱ्या वर्षी माझ्या शेजारची मैत्रीण कानात म्हणाली, "लिहा ना, प्रयत्न चालू आहेत!" आम्ही दोघी विधवा बायका बँकेत खो खो हसलो. सगळे वळून बघायला लागले. ते हसू मला फार दिवस पुरलं. दुःख हलकं करणारं माणूस रांगेत शेजारी उभं असावं लागतं.

आता दुसरी बाजू. यादीत सगळ्यांच्या सह्या होत नाहीत. काही नावांपुढचा रकाना कोराच राहतो. कोरोनानंतर, २०२१ च्या नोव्हेंबरात, त्या कोऱ्या रकान्यांकडे बघवत नव्हतं. हजेरीत नाव पुकारल्यावर उत्तर न येणं म्हणजे काय, हे मला त्याच्या आधीपासून ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. हजारो माणसं गेली. मी तेव्हा आमच्या संस्थेच्या उमरगा तालुक्यातल्या शाखेत होते. शाळा पुन्हा भरली तेव्हा हजेरीपत्रक उघडायला हात धजेना. काही नावांना उत्तर आलं नाही, आणि मुलं मान खाली घालून बसली. तेव्हापासून "हजर" हा शब्द मला साधा वाटत नाही. कुणीतरी आपलं नाव घेतंय आणि आपण उत्तर देतोय, ही मोठी गोष्ट आहे.

म्हणूनच आमचा एक नेम आहे. सही झाली की आम्ही पाच-सहा जण चहा घेतो आणि यादीत ज्यांची सही दिसली नाही पण ज्यांच्याबद्दल वाईट बातमीही नाही, त्यांच्या घरी जातो. कुणी अंथरुणावर असतं, कुणी मुलाकडे गेलेलं असतं, कुणी नुसतंच कंटाळून घरात बसलेलं असतं. या शेवटच्या माणसांसाठी आमची फेरी असते. एकाला तर आम्ही हात धरून बँकेत नेलं आणि येताना भजी खायला घातली. (डॉक्टरांना सांगू नका.)

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्हाला चालता येतं म्हणून हे सुचतं. बरोबर आहे. जो अंथरुणाला खिळला आहे, जी मुलीकडे अमेरिकेत आहे, ज्याचं गाव परंड्याच्या टोकाला आहे आणि दिवसाला दोनच गाड्या आहेत, त्यांच्यासाठी फोनवरची सोय म्हणजे वरदान आहे. पूर्वी अशा माणसांना खुर्चीत बसवून, रिक्षात घालून बँकेत आणलेलं मी बघितलं आहे. ते हाल संपले याचा मला आनंदच आहे. माझा सोयीला विरोध नाही. सोय ही नड भागवण्यासाठी असते. नड नसताना वापरली की ती हळूहळू माणसाला घरात कोंडते, एवढंच माझं म्हणणं.

जरा मोजून बघा. गॅस फोनवर नोंदवला जातो. विजेचं बिल मुलगा पुण्यातून भरतो. औषधं घरी येतात, किराणा घरी येतो. प्रत्येक कामामागे एक माणूस होतं. बिल भरताना भेटणारा खिडकीतला बाबू, औषधाच्या दुकानातला "बाई, ही गोळी जेवणानंतर हं" असं दरवेळी सांगणारा पोरगा, गिरणीत दळण होईपर्यंत गप्पा मारणाऱ्या बायका. काम गेलं तसं माणूसही गेलं. मग मुलं फोनवर विचारतात, "आई, तुला एकटं वाटतं का गं?" आता काय सांगू!

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. या सगळ्या आनंदाच्या खाली पेन्शनचा पाया आहे. महिन्याला हक्काचे पैसे येतात म्हणून मी कुणाच्या येळवशीला जाताना हातात काहीतरी घेऊन जाऊ शकते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आमच्या धाकट्या सहकाऱ्यांना जुनी पेन्शन लागू झाली नाही. त्यासाठी २०२३ च्या मार्चमध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा शाळांना कुलपं होती. पुढे सरकारने सुधारित योजना आणली. तिच्यात नेमकं काय पदरात पडेल याचा हिशेब ही तरुण मंडळी अजून करत असतात. आणि ज्यांना कुठलीच पेन्शन नाही त्यांचं काय? आमच्या गल्लीतल्या एका आजींना श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये मिळतात. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं त्यांनी. म्हातारपणाचा आनंद हा स्वभावावर असतो म्हणतात, पण तो थोडासा पासबुकावरही असतो. आम्ही ज्यांना तो मिळाला आहे, त्यांनी निदान तो घरात कोंडून ठेवू नये.

तेव्हा माझ्या काही सूचना. (बाई म्हटलं की सूचना आल्याच.)

बँकांनी नोव्हेंबरात तळमजल्यावर एक टेबल, दहा खुर्च्या आणि पाण्याचा माठ ठेवावा. ऐंशीच्या वरच्यांना उभं करू नये. एवढं केलं तरी आमचे आशीर्वाद मिळतील.

माझ्या वयाच्या मंडळींनी, पाय चालतात तोवर जावं. एकट्याने जाऊ नये, वाटेतल्या एखाद्याला हाक मारून बरोबर न्यावं. आणि ज्याला जमत नाही त्याच्या घरी फोन घेऊन जावं, त्याचा दाखला त्याच्या शेजारी बसून काढून द्यावा. म्हणजे सोयही झाली आणि सोबतही.

आणि मुलांनो, सुनांनो, जावयांनो! तुम्ही आमची कामं झटपट उरकून देता, त्यामागची माया आम्हाला कळते. पण पुढच्या वेळी "मी करून टाकतो" म्हणायच्या आधी एवढंच विचारा, "हे काम तुला स्वतः करायला आवडतं का?" काही कामं आम्ही आनंदाने तुमच्यावर सोपवू. इन्कम टॅक्सचा तो फॉर्म तर आजच घेऊन जा! पण काही कामं आमची आम्हाला राहू द्या. त्यांना वेळ लागतो, पाय दुखतात, कधी हेलपाटाही पडतो. चालायचंच. वेळ आमच्याकडे भरपूर आहे.