'रक्तातली लय' म्हणजे कौतुक नव्हे

काळ्या वादकांचे जॅझ ऐकून 'लय यांच्या रक्तातच असते' म्हणणारे भेटतात. आपल्या भीमशाहिरांनाही 'उपजत गळा' म्हणून असेच निकालात काढतात. हे कौतुक नव्हे, ज्ञान नाकारणे आहे.

कोलमन हॉकिन्सचे 'बॉडी अँड सोल' ऐका. जॉनी ग्रीनची ही १९३० ची प्रेमगीताची चाल हॉकिन्सने ११ ऑक्टोबर १९३९ रोजी सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केली. सुरुवात सोडली, तर मूळ चाल त्यात जवळजवळ नाहीच! तीन मिनिटे तो चालीखालची स्वरसंगतीच उलगडतो. मधल्या भागात ती अर्ध्या सुराने वर सरकते, तिथेही अडखळत नाही. हे रक्तातून येते? लहानपणी पियानो, चेलो शिकलेल्या माणसाची ती बुद्धी आहे. आणि इतकी अवघड तबकडी तेव्हा सामान्य श्रोत्यांतही गाजली.