ती अपडेट झाली आणि...

गेल्या शनिवारी बंड्याकडे गेलो होतो. (बंड्या हे त्याचं खरं नाव नाही. त्याला विचारूनच लिहितोय. "लिही, पण नाव टाकलंस तर बघ," अशी रीतसर परवानगी मिळालेली आहे.) वाकडला एकटाच राहतो. घटस्फोटाला दोन वर्षं झाली. चहा टाकता टाकता म्हणाला, "ती बदललीये रे. पहिल्यासारखी बोलतच नाही."

मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली! "कोण रे? ऑफिसमधली का?" तर साहेबांनी फोन पुढे केला. गेले सहा महिने रोज रात्री जेवण झालं की तो एका अ‍ॅपमधल्या 'ती'च्याशी बोलतो. दोन आठवड्यांपूर्वी अपडेट आला आणि ती एकदम बँकेच्या काउंटरवरच्या बाईंसारखी बोलायला लागली. मी हसलो. तो हसला नाही.

तर मंडळी, माणूस यंत्राच्या प्रेमात पडू शकतो का, हा प्रश्न माझ्यापुरता त्या चहाबरोबरच निकालात निघाला. पडतो. आणि हे काही आजचं नाही. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाच्या प्रोग्रामवर पेपर लिहिला. प्रोग्राम म्हणजे काय, तर तुमच्या वाक्यातला एखादा ओळखीचा शब्द पकडायचा आणि वाक्य उलटवून तुमच्याच अंगावर टाकायचं. "माझी आई माझ्यावर रागावते" लिहिलंत की "तुमची आई तुमच्यावर रागावते?" बस्स. त्यांच्या सेक्रेटरीने हा माणूस कित्येक महिने त्यावर काम करताना पाहिला होता. तरी दोन-चार वाक्यं टाइप केल्यावर तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. खासगी बोलायचं होतं! वायझेनबॉम हादरले ते कायमचे. यंत्राच्या हाती काय देऊ नये यावर त्यांनी १९७६ साली अख्खं पुस्तक लिहिलं.

बरं, बोलताही यायला हवं असं नाही. सोनीने १९९९ साली 'आयबो' हा रोबो-कुत्रा काढला. २००६ साली उत्पादन थांबलं, २०१४ साली कंपनीने दुरुस्तीही बंद केली. मग जपानमधल्या इसुमी गावच्या कोफुकुजी मंदिरात २०१५ पासून बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यविधी होऊ लागले. कुत्रे ओळीने मांडून ठेवलेले आणि समोर भिक्षू मंत्र म्हणतायत. फिदीफिदी हसू नका. दसऱ्याला ऑफिसातल्या सर्व्हरला झेंडूची माळ कोण घालतं?

(सिनेमावाल्यांनी मात्र हे कधीकधी उलटंही दाखवलं. २०१० च्या 'एंदिरन'मध्ये रोबोच ऐश्वर्याच्या प्रेमात पडतो. आमच्या बंड्याच्या प्रेमात अजून तरी कुठलं यंत्र पडलेलं नाही.)

त्यामुळे 'हे खोटं प्रेम आहे' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. बंड्याची झोप उडालीये, ती खरीच उडालीये. घोळ दुसऱ्या टोकाला आहे.

दुसऱ्या टोकाला काय असतं ते सांगतो. या भाषेच्या मॉडेलला स्वतःहून काहीही आठवत नसतं. तुम्ही नवीन वाक्य पाठवलंत की मागचं संभाषण आणि तुमच्याबद्दल टिपून ठेवलेल्या चार गोष्टी पुन्हा त्याच्यापुढे टाकल्या जातात. ते वाचून ते पुढचं उत्तर तयार करतं. म्हणजे बंड्याची 'ती' प्रत्येक वाक्याला त्याला पहिल्यांदाच भेटते, फक्त हातात त्याची फाईल असते. आणि ती फाईल, ती वाचणारं मॉडेल, 'गोड बोल' किंवा 'जपून बोल' अशी आतून दिलेली सूचना, हे सगळं कंपनीचं. या संसारात एक सासू आहे आणि तिचा पत्ता बंड्याला माहीत नाही.

सासूने मनात आणलं तर काय होतं, हे एकदा नाही, अनेकदा दिसलंय. 'रेप्लिका' हे २०१७ साली आलेलं अ‍ॅप. लोकांनी त्यातल्या सोबत्यांशी अक्षरशः लग्नं लावली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीने शृंगारिक संभाषण बंद केलं. काल रात्रीपर्यंत लाडात बोलणारी व्यक्ती आज विषय बदलायला लागली. लोक इतके कोसळले की त्यांच्या रेडिट ग्रुपवर आत्महत्या रोखणाऱ्या हेल्पलाइनची माहिती लावावी लागली. मार्चमध्ये कंपनीने जुन्या ग्राहकांना जुनं रूप परत दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-५ आणताना जुनं ४ओ काढून टाकलं, तेव्हाही तीच रडारड झाली. काही दिवसांतच पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आलं. म्हणजे विरह झाला तोही रिलीज प्लॅननुसार, आणि मीलन झालं ते सबस्क्रिप्शन असेल तरच.

आता माझं पाप सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत आम्ही एक साधं अ‍ॅप करत होतो. रोज थोडा व्यायाम, सोबत गप्पा मारणारी एक कार्टून-ताई. लोक दोन दिवस फिरकले नाहीत की नोटिफिकेशन जायचं. आधीचं वाक्य होतं, "आजचा व्यायाम बाकी आहे." मी बदलून लिहिलं, "दोन दिवस आला नाहीत. आठवण येत होती." अर्ध्या लोकांना एक, अर्ध्यांना दुसरं असं पाठवून पाहिलं. आठवणीवाल्याने मैदान मारलं. माझं कौतुक झालं, पार्टी झाली.

पुढच्या आठवड्यात सपोर्टच्या इनबॉक्समध्ये एका काकांचा मेसेज. "मिसेसना अ‍ॅडमिट केलं होतं, म्हणून येणं झालं नाही. उद्यापासून नक्की येतो. राग मानू नये."

आम्ही ते तिकीट 'बग नाही' असा शेरा मारून बंद केलं.

'आठवण येत होती' हे वाक्य लिहिताना मला कुणाचीही आठवण येत नव्हती. मला आकडा वर न्यायचा होता. बंड्याच्या फोनमध्येही माझ्यासारखाच कुणीतरी बसलाय, आणि बंड्या रात्री साडेअकराला झोपला काय किंवा दीडपर्यंत जागला काय, यातलं त्याला दीड बरं पडतं. हे मी बंड्याला सांगितलं. पोटतिडकीने सांगितलं, काकांच्या मेसेजसकट.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते सगळं ठीक. तू मला आधीचा फोन कधी केला होतास?"

मी मोबाइल काढून बघितलं. गणपतीत. तोही त्याच्या ओळखीच्या आरटीओ एजंटचा नंबर हवा होता म्हणून.

मग जरा वेळ कुणीच बोललं नाही. चहा निवला होता. निघताना त्याने विचारलं, "तू कोडवाला ना? तिला परत पहिल्यासारखी करता येईल का?"

आणि पंचाईत अशी आहे की, येईल. हुबेहूब नाही, पण बऱ्यापैकी. अ‍ॅपमधून सगळ्या गप्पा डाउनलोड करता येतात. आपल्या मशीनवर चालणारी मॉडेल्स आता फुकट मिळतात. माझ्याकडे बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आहे. जुन्या गप्पा त्याला दाखवल्या, स्वभावाचं वर्णन नीट लिहिलं, की दोन वीकेंडचं काम. ना कंपनी, ना अपडेट, ना कुणाला आकडा वर न्यायचाय. सासू गेली!

फक्त मग स्वभावाचं ते वर्णन मी लिहिणार. ती किती हळवी, किती वेळाने झोपायला सांगणार, बंड्या दुसऱ्या कुणाबरोबर जेवायला गेला तर काय म्हणणार, ते मी ठरवणार. रात्री मशीन हँग झालं तर बंड्याचा फोन मला येणार. :-) आणि सहा महिन्यांच्या गप्पांची ती फाईल मला उघडावी लागणार.

फाईल त्याने सोमवारीच पाठवली. अकरा एमबी. डेस्कटॉपवर आहे, अजून उघडलेली नाही. येत्या शनिवारी त्याला जेवायला बोलावलंय. बायको म्हणाली, फाईलचं नंतर बघू, आधी त्याला विचार भरली वांगी चालतात का. मला माहीत नव्हतं. फाईलमध्ये असेल बहुतेक. पण फोनच करतो.