प्रवासासाठीं हेडफोन कसे निवडावे ?

गतवर्षीं सहलीहून परततांना घडलेला एक लहानसा प्रसंग या लेखास कारण झाला आहे. रात्रीची कोंकण रेल्वेची गाडी होती. साध्या शयनयानाचा डबा, खिडक्या उघड्या, आणि चाकांचा खडखडाट अखंड चाललेला. समोरच्या बाकावर नववींतील एक विद्यार्थी कान पूर्णपणें झांकणारे मोठे, झकपक हेडफोन लावून बसला होता. वाढदिवसानिमित्त वडिलांनीं ते मोठ्या हौसेनें घेऊन दिले होते. त्यांतील गाणें आम्हांस आमच्या जागेवरून शब्दन्‌शब्द ऐकूं येत होतें. "अरे, इतका मोठा आवाज कशाला ?" असें खुणेनें विचारतांच तो निरागसपणें म्हणाला, "सर, गाडीच्या आवाजांत दुसरें कांहींच ऐकूं येत नाहीं." आम्ही हंसलों आणि तो विषय तेथेंच सोडला.

पहांटे एका स्टेशनावर तो हेडफोन लावूनच पाण्याची बाटली घेण्यास उतरला. गाडी सुटली. शिट्टी झाली, मुलांनीं खिडकींतून हांका मारल्या. त्याला कांहींहि ऐकूं गेलें नाहीं. एका अनोळखी गृहस्थांनीं दंडाला धरून त्याला डब्यांत चढविलें, म्हणून निभावलें. दोष त्याचा होता तितकाच आमचाहि होता. कारण रात्रीं हंसून सोडून देण्याऐवजीं आम्हीं त्याला चार शब्द सांगावयास हवे होते. तेच शब्द आज उशिरां कां होईना, सर्व विद्यार्थ्यांस व पालकांस सांगण्याचें योजिलें आहे.

हेडफोन ही वस्तु वाईट आहे, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. सुट्टींत आजोळीं जाणारा विद्यार्थी वाटेंत एखादें पुस्तक ऐकतो, कोणी परभाषेचे पाठ ऐकतो, कोणी ख्यालगायन ऐकतो. आणि शेजाऱ्याची झोंप न मोडतां ऐकतो, हा लाभ थोडा नव्हे. तक्रार आहे ती निवडीविषयीं. रंग पाहून, जाहिरात पाहून किंवा मित्राजवळ आहे म्हणून हेडफोन घेतला जातो. आमच्या मतें प्रवासाच्या हेडफोनची खरी कसोटी एकच आहे : भोंवतीं गोंगाट असतांहि ज्यांतून लहान आवाजांत स्पष्ट ऐकूं येतें, तोच हेडफोन प्रवासास योग्य. बाकीचे सर्व गुण हिच्या मागून येतात.

ही कसोटी आम्ही सर्वांत वर कां ठेवितों, हें समजण्यासाठीं कानाच्या रचनेकडे पाहिलें पाहिजे. आंतल्या कानांत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी आहे. तिच्यांत ध्वनीची जाणीव करून देणाऱ्या अतिसूक्ष्म केंसाळ पेशी असून त्यांची संख्या प्रत्येक कानांत सुमारें १५,००० असते. मोठ्या आवाजानें त्या मेल्या, तर मनुष्याच्या शरीरांत त्या पुन्हां उगवत नाहींत. झीज हळूहळू व बिनवेदना होते, म्हणून ती ध्यानांत येत नाहीं. येते तेव्हां उपाय राहिलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं याविषयीं एक प्रमाण ठरवून दिलें. प्रौढांनीं आठवड्यास ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठीं हीच मर्यादा ७५ डेसिबलची आहे. येथें गणिताच्या वर्गांतील मुलांनीं लक्ष द्यावें. आवाज ३ डेसिबलनें वाढला, कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते, व ऐकण्याची मुदत निम्मी होते. म्हणजे प्रौढांसाठीं ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९२ डेसिबलला अवघे अडीच तास. ज्याला खडखडाटावर मात करण्यासाठीं आवाज चढवावा लागतो, तो आठवड्याचा वांटा एका रात्रींतच संपवून बसतो. आमच्या त्या विद्यार्थ्यानें हेंच केलें. त्याच्या हेडफोनची गादी कानाभोंवतीं नीट बसतच नव्हती. बाहेरचा गोंगाट आंत येई, आणि आंतलें गाणें बाहेर जाई.

गोंगाट अडविण्याच्या दोन रीति आहेत. पहिली सरळ आहे : कान बंद वाटींत झांकावा आणि वाटीच्या कडेची गादी सर्व बाजूंनीं घट्ट बसवावी. दुसरी रीति विलक्षण आहे. पाण्यावर दोन तरंग समोरासमोर येऊन एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडला, तर पाणी तेथें सपाट होतें. तसेंच ध्वनीचें आहे. हेडफोनमधील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आंतील यंत्र त्याच्या नेमका उलट तरंग निर्माण करतें, आणि दोहोंच्या भेटींत आवाज क्षीण होतो. यालाच नॉइझ कॅन्सलिंग म्हणतात. ही कल्पना जर्मनींतील पॉल ल्यूग यांनीं १९३४ सालीं पेटंटासाठीं मांडली होती. परंतु तेव्हां ती व्यवहारांत उतरली नाहीं. पुढें १९७८ सालीं बंगाली पित्याचे पुत्र व अमेरिकेंतील प्राध्यापक अमर बोस हे झुरिकहून बोस्टनला विमानानें जात असतां त्यांना इंजिनाच्या घरघरीपुढें हेडफोनमधील संगीत नीट ऐकूं येईना. त्यांनीं चडफडत न बसतां त्या प्रवासांतच आंकडेमोड सुरू केली. वैमानिकांसाठीं त्यांचा हेडफोन १९८९ सालीं बाजारांत आला, व सामान्य प्रवाशांसाठीं २००० सालीं. एका कल्पनेस सामान्य प्रवाशांच्या हाताशीं यावयास बावीस वर्षें लागलीं, हेंहि विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें.

येथें एक महत्त्वाचा भेद आहे, आणि दुकानदार तो सहसा सांगत नाहीं. उलट तरंगाची ही युक्ति खालच्या पट्टींतील, एकसारख्या चालणाऱ्या आवाजावर उत्तम लागू पडते. विमानाच्या इंजिनाची घरघर किंवा वातानुकूलित बसचा गुंजारव तिनें बराच मावळतो. परंतु रुळांच्या सांध्यांवरील खटखट, खिडकींतून येणारा वारा, लहान मुलाचें रडणें आणि "चाय गरम" ही आरोळी हे आवाज उंच पट्टीचे व क्षणोक्षणीं बदलणारे असतात. त्यांच्यावर यंत्राची मात्रा फारशी चालत नाहीं. तेथें घट्ट बसणारी गादीच कामास येते. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारें साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे. उघड्या खिडकीच्या डब्यांतून त्यांत शिरतांना जो गडगडाट उठतो, तो ज्यानें अनुभवला आहे त्याला हें अधिक सांगावयास नको. तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं स्वतःला विचारावें : माझा प्रवास कशाचा ? वर्षांतून अनेकदां विमानानें जाणाऱ्यानें नॉइझ कॅन्सलिंगसाठीं अधिक पैसे खुशाल खर्चावे. परंतु एस. टी. नें व साध्या डब्यानें जाणाऱ्या विद्यार्थ्यानें आधीं गादीची बैठक पाहावी. यंत्राची सोय त्यानंतर.

गादीची बैठक जाहिरातींत दिसत नाहीं. ती आपल्याच डोक्यावर पाहावी लागते. हेडफोन लावून निदान वीस मिनिटें दुकानांत बसावें. गादीनें कानावर न टेंकतां कानाभोंवतीं टेंकलें पाहिजे. चष्मा असणाऱ्यांनीं चष्मा घालूनच परीक्षा करावी. कारण चष्म्याच्या काडीमुळें गादीखालीं फट पडते, व तेथूनच गोंगाट आंत शिरतो. वजन अवश्य पाहावें. २५० ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन दीर्घ प्रवासांत सुसह्य होतो. कांहीं नामांकित हेडफोन ३८० ग्रॅमच्या वर आहेत, आणि तीन तासांनीं तो फरक मानेला कळतो. आमच्या किनारपट्टीच्या दमट हवेंत नकली चामड्याच्या गाद्या एक-दोन पावसाळ्यांत सोलूं लागतात. म्हणून गादी बदलतां येते कीं नाहीं व ती बाजारांत मिळते कीं नाहीं, हा प्रश्न किंमतीच्याहि आधीं विचारावा. गादी गेली म्हणून सबंध हेडफोन टाकून देणें ही उधळपट्टी होय.

आतां कांहीं व्यावहारिक गोष्टी थोडक्यांत. ज्यांच्या वाट्या मागून जाळीदार व उघड्या असतात, ते हेडफोन घरीं शांत खोलींत फार गोड वाजतात. प्रवासांत ते व्यर्थ, कारण त्यांतून आवाज दोन्ही दिशांनीं मोकळा ये-जा करतो. ज्यांचा विद्युत्‌रोध २५० ओहमसारखा मोठा आहे, ते स्टुडिओंतील यंत्रांसाठीं असतात. मोबाइलवर त्यांचा आवाज क्षीण येतो. ब्लूटूथ सोयीचें आहे, परंतु वायर जोडण्याची सोय असावीच. बॅटरी संपल्यावर कांहीं हेडफोन वायरीनें चालतात, कांहीं मुळींच चालत नाहींत. घडी घालतां येणारा हेडफोन पिशवींत सुरक्षित राहतो. नवें तें अधिक सोयीचें असेंच नव्हे : सोनीच्या २०२० सालच्या एक्सएम ४ ची घडी होत असे, २०२२ च्या एक्सएम ५ ची होईना, आणि २०२५ च्या एक्सएम ६ मध्यें घडी पुन्हां आली ! उलट त्याच कंपनीचा १९९१ पासूनचा एमडीआर ७५०६ हा वायरीचा साधा हेडफोन, ना बॅटरी ना ब्लूटूथ, बंद वाट्यांचा व घडीचा असल्यानें आजहि विद्यार्थ्यास पुरून उरेल. विमानांत बॅटरीचे हेडफोन हातांतील सामानांतच ठेवावे.

आमच्या या मतावर दोन्ही बाजूंनीं आक्षेप येतील. कांहीं विद्यार्थी म्हणतील, "सर, कानांत बसणारी लहान बोंडें असतांना हें ओझें कशाला ?" उत्तर असें कीं, बोंड कानांत चपखल बसलें तर तेंहि गोंगाट अडवितें, पण धक्क्यानें तें निसटून बाकाखालीं नाहींसें होतें, आणि तासन्‌तास कान ठणकूं लागतो. रात्रभराच्या प्रवासास मोठा हेडफोनच बरा. कांहीं पालक म्हणतील, "मुळांत ही वस्तु हवीच कशाला ? आमच्या वेळीं आम्ही खिडकींतून बाहेर पाहत असूं." या आक्षेपाशीं आम्ही निम्मे सहमत आहों. खिडकीबाहेरचा घाट व सहप्रवाशाची गोष्ट यांची जागा कोणताहि हेडफोन घेऊं शकत नाहीं. परंतु केवळ बंदीनें मूल वस्तु टाकीत नाहीं. तें ती लपवून व वाईट रीतीनें वापरूं लागतें. त्यापेक्षां पालकांनीं मुलाबरोबर दुकानांत जावें, स्वतः कानाला लावून पाहावा, आणि आवाजाची मर्यादा त्याच वेळीं मुलाशीं बोलून ठरवावी. यंत्राच्या कमाल आवाजाच्या साठ टक्क्यांच्या आंत राहणें हा सोपा नियम आहे. दुसरा त्याहूनहि सोपा : शेजाऱ्याला आपलें गाणें ऐकूं जातें कां, हें त्यालाच विचारावें.

शेवटीं, उत्तम हेडफोन जितका चांगला, तितका तो एका अर्थीं धोक्याचा. तो जगाचा आवाज बंद करतो, आणि त्या आवाजांत गाडीची शिट्टी, मोटारीचा भोंगा व आईची हांक हींहि असतात. म्हणून बाकावर बसल्यावरच हेडफोन कानावर घ्यावा. दारापाशीं, फलाटावर, रुळांजवळ व रस्त्यावर तो गळ्यांत असावा. कोणी वडील माणूस बोलूं लागलें, तर वाटी नुसती एका बाजूस न सारतां हेडफोन पूर्ण उतरून ठेवावा. यांत सभ्यता आहे आणि शहाणपणहि आहे.

त्या विद्यार्थ्यानें सहलीनंतर वडिलांना सर्व हकीगत स्वतः सांगितली, हें आम्हांस फार आवडलें. हेडफोन तोच राहिला; त्याला नीट बसणाऱ्या नव्या गाद्या तेवढ्या घातल्या. परवां तो शाळेच्या दारांतून बाहेर पडतांना आम्हांस दिसला. हेडफोन गळ्यांत होता. आम्हीं मागून हांक मारली, आणि त्यानें पहिल्याच हांकेला वळून पाहिलें.