तो नाचत नव्हता

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर एक रील आलं. कॉकॅटिएल, तुरा मागे डोक्याला चपटा चिकटलेला, पंख अंगापासून सुटलेले, चोच वासून डावीकडे-उजवीकडे डोलतोय. मागे ढोल-ताशा. खाली हसऱ्या इमोजींची रांग. मी लिहिलं, "तो नाचत नाहीये, घाबरलाय. मोबाइल मागे घ्या." उत्तर आलं, "चिल कर रे, पक्षी आहे तो."

नाही करणार चिल. कारण तीन वर्षांपूर्वी असलंच रील मीही बनवलं होतं.

माझ्या कॉकॅटिएलचं नाव बबन. दुकानदार त्याला 'कॉकटेल' म्हणायचा. बाजरी आणि पाणी ठेवा, बाकी काही लागत नाही, एवढंच त्याचं मॅन्युअल. खरं मॅन्युअल बबनच्या डोक्यावरच होतं. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय, कान टवकारलेत. सैल पडलेला म्हणजे निवांत. चपटा, आणि सोबत फिसकारणं, म्हणजे लांब राहा. तरी बोट पुढे केलं तर चावणारच. आणि मग आपण म्हणतो, "अचानक चावला!" अचानक कसला? त्याने तीनदा सांगितलं, तुम्ही शूट करत होतात.

झोपण्याआधी तो चोच करकर घासायचा, ते समाधान. ते मला वाटायचं भूक लागलीय.

लॉग वाचायचा मला पगार मिळतो. सर्व्हर दोन सेकंद अडखळला तर रात्री दोनला उठतो मी. आणि घरातला जिवंत लॉग? बबन दिवसभर पिसं फुगवून बसला, आम्ही म्हटलं, कसला गोंडस गोळा झालाय! थंडीत थोडा वेळ फुगणं ठीक. दिवसभर फुगून गप्प बसणं हे आजाराचं लक्षण. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, कारण रानात दुबळा दिसला की शिकारी आधी त्यालाच टिपतो. म्हणजे आपल्याला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

मग शेपूट. मी गाणं लावलं होतं आणि बसल्या जागी त्याची शेपूट वर-खाली होत होती. मला वाटलं, ठेका धरतोय. चौदा सेकंदांचा व्हिडिओ काढला. बसलेल्या पक्ष्याची शेपूट प्रत्येक श्वासाबरोबर अशी हलणं म्हणजे त्याला श्वास घ्यायला कष्ट पडताहेत, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर तो पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. कोपऱ्यावरच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांनी पक्षी बघत नाही म्हणून सांगितलं. बघणारे सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. बबन रिक्षातच गेला.

देशी पोपट घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मूळचे ऑस्ट्रेलियाचे कॉकॅटिएल आणि बजी मात्र दुकानात सर्रास मिळतात. पैसे दिले की झालं, त्यांची भाषा येते का, हे कुणी विचारत नाही. उलट आपणच त्यांना 'हॅलो' शिकवतो. पाठांतराला 'पोपटपंची' म्हणून हिणवणारे आपण!

आईच्या फोनमध्ये तो व्हिडिओ अजून आहे. पाहुण्यांना दाखवते, "बघा, कसा ताल धरलाय." तिला मी अजून सांगितलेलं नाही. ग्रुपवर मात्र परत लिहिलं: गाणं म्यूट करा आणि पुन्हा बघा.