पाहुण्याला शेगड्या किती द्याव्या?

दोस्तांनो, घरात संगणक एकच. त्यावर ताईचा प्रोजेक्ट आणि सगळ्यांचे फोटो. आणि तुम्हाला तर लिनक्स वापरून बघायचंय! चुकून डिस्क पुसली गेली तर घरात काय होईल, ते मी सांगायला नको. अशा वेळी कामी येतं आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक! युक्ती जुनीच आहे हं. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या मंडळींनी १९६७ साली, एकाच संगणकावर १४ आभासी यंत्रं चालू शकतील अशी प्रणाली वापरात आणली होती.

खरा संगणक यजमान, आतला पाहुणा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, प्रोसेसर असं गेलं, की पाहुण्याला किती कोअर द्यायचे ते ठरवता येतं. समजा, तुमच्याकडे ४ आहेत. देऊन टाकू चारही, पळेल भन्नाट! असंच वाटतं ना?

पण कोअर म्हणजे शेगडी समजा. पाहुण्याला दिलेली शेगडी त्याच्या एकट्याची होत नाही, यजमानही तीच वापरतो. पडदा, माउस, डिस्क हे सगळं त्याला सांभाळायचं असतं. पाहुण्याची डिस्कसुद्धा शेवटी तोच हलवतो. मग दोघंही ताटकळतात. खरी गंमत पुढेच आहे. पाहुण्याच्या चार आचाऱ्यांपैकी एकाच्या हातात मिसळणाचा डबा आहे आणि नेमकी त्याचीच शेगडी यजमानाने काढून घेतली. आता बाकीचे तिघं डब्याची वाट बघत बसतात. गॅस जळतोय, आमटी होत नाही!

टास्क मॅनेजरमध्ये ८ लॉजिकल प्रोसेसर दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. तिथेच कोअरचा आकडा ४ असेल, तर एकेका शेगडीवर दोन-दोन भांडी आहेत एवढाच त्याचा अर्थ. हिशेब खऱ्या कोअरचाच धरायचा.

तेव्हा सुरुवात दोनाने करा. आकडा बदलायचा तर पाहुणा आधी पूर्ण बंद हवा. मग आत एखाद्या व्हिडिओचं रूपांतर करा, घड्याळ लावून: एकदा १ कोअरवर, मग २, मग ३. वेळा वहीत मांडा. एकाच हाताने काम करणारा प्रोग्रॅम असेल, तर त्याला तीन शेगड्या देऊनही वेळ जवळजवळ तेवढाच लागेल, तेही करून बघा.

आणि हो, प्रयोग चालू असताना ताईला तिच्या प्रोजेक्टवर काम करू द्या. ती ओरडायला लागली, की एक कोअर परत करा!