चितपटीच्या पलीकडची कुस्ती

मिश्र युद्धकला अर्थात एमएमए या खेळाचा २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धांत समावेश करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. 'पिंजऱ्यातली मारामारी' म्हणून हिणवला गेलेला हा प्रकार त्यामुळे क्रीडाक्षेत्राच्या मुख्य प्रवाहात आला. साहजिकच अनेक कुस्तीगिरांना तो खुणावतो आहे. मात्र तालमीतून पिंजऱ्यात उतरणाऱ्या मल्लाची कसोटी ठोसे-लाथांइतकीच त्याच्या हक्काच्या जमिनीवरही लागते, हे आतापर्यंतच्या निकालांनी दाखवून दिले आहे.

मराठी मल्ल भरत खंडारे हे त्याचे ठळक उदाहरण. भारतातून यूएफसी या अमेरिकी संघटनेच्या पिंजऱ्यात उतरलेला तो पहिला लढवय्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला झालेल्या त्या लढतीत चीनच्या साँग यादोंगने पहिल्याच फेरीत त्याची मान काखेत आवळून त्याला पराभूत केले. हरियाणाच्या रितू फोगाटने २०१९ मध्ये मॅट सोडून 'वन चॅम्पियनशिप'ची वाट धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिने एका मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. तेथे थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने 'आर्मबार'ने तिचा हात कोपरात ताणून तिला शरण आणले. स्टॅम्प ही मूळची मुए थाईची, म्हणजे ठोसे-लाथांची खेळाडू. तिने कुस्तीगिराला जमिनीवर हरवावे, यातच सारे आले.

याचे कारण मल्लाच्या ताकदीत नव्हे, तर त्याच्या सवयींत शोधावे लागते. कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला टेकले की निकाल लागतो. त्यामुळे काहीही करून पाठ टेकू द्यायची नाही, प्रसंगी पालथे पडून राहायचे, हे पैलवानाच्या अंगात लहानपणापासून मुरते. एमएमएमध्ये पाठ टेकणे हा पराभव नसतो. उलट, पालथे पडून प्रतिस्पर्ध्याला पाठ देणे म्हणजे गळा त्याच्या हाती सोपवणे. पट काढायला वाकलेल्या मल्लाची मान बाहेर राहिली, तर तीही आयतीच सापडते. वर असलेल्याने कुस्ती जिंकली असे समजावे, तर खालचा दोन्ही पायांच्या कैचीत त्याचा हात धरून बसलेला असतो.

सांधे अडकवणे वा गळा आवळणे हे मात्र आपल्या मल्लविद्येला परके नाही. परंपरेने सांगितलेल्या भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी या चार प्रकारांपैकी शेवटच्या दोहोंत जखडून शरण आणणे आणि सांधे मोडणे यांनाच महत्त्व आहे. आखाड्यातील कुस्ती चितपटीभोवती केंद्रित होत गेली आणि हे अंग मागे पडले. त्याची किंमत डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत दिसली. विख्यात गामाचा पुतण्या अक्रम याचा हात जपानच्या अंतोनिओ इनोकीने असा पिरगाळला, की त्याच्या खांद्याला गंभीर इजा झाली. आपल्या पराभवाची कारणे आपल्याच विस्मृत वारशात असावीत, हा दैवदुर्विलास होय.

याउलट दागेस्तानच्या खबीब नुरमागोमेदोवचे उदाहरण आहे. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन दाबून ठेवण्यात तो निष्णात होताच, पण २०१८ ते २०२० दरम्यानच्या अखेरच्या तिन्ही लढती त्याने शरण आणून जिंकल्या. २९ लढतींत अपराजित राहून तो निवृत्त झाला. धरण्याला संपवण्याची जोड मिळाली, की काय घडते ते यातून दिसते.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न हे शिकवणार कोठे, हा आहे. विजय चौधरी, राहुल आवारे यांच्यासारख्या मोजक्या मल्लांना पोलीस उपअधीक्षकपद मिळाले. दुसऱ्या फळीतील मल्लाचे काय? जत्रेतील इनामांवर संसार चालत नाही. अशा वेळी एमएमएचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे, पण अर्धवट तयारीने केलेले हे धाडस हात-पाय आणि कारकीर्द दोन्ही गमावण्याचे ठरू शकते.

चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या वनजिल्ह्यांत तर अडचण दुहेरी आहे. कोल्हापूर-सांगलीसारखी तालमींची दाट वीण येथे नाही आणि मुंबई आठशे किलोमीटरहून दूर. तरीही मार्ग आहे. बल्लारपूरजवळच्या विसापूर येथील क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. म्हणजे वास्तू आहे, उणीव आहे ती शिक्षकांची. ज्युदो हा ऑलिंपिक खेळ असून शालेय स्पर्धांतही खेळला जातो. गळा आवळणे, कोपर अडकवणे आणि वेळीच शरणागतीची खूण करणे, हे सारे त्यात नियमांच्या चौकटीत आणि योग्य वयात शिकवले जाते. कुस्तीच्या मॅटशेजारी ज्युदोचा एक प्रशिक्षक उभा करण्यास महागड्या व्यायामशाळेची गरज नाही. अमरावतीचे १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ विदर्भात अशा कामी पुढाकार घेऊ शकते.

एमएमए हा प्रत्येक मल्लाचा मार्ग नव्हे आणि तसा तो असूही नये. परंतु ज्यांना त्या वाटेने जायचे आहे, त्यांना धरायचे कसे याबरोबरच सुटायचे कसे हे शिकवणे, ही वस्तादांची आणि शासनाच्या क्रीडा विभागाची जबाबदारी आहे. अन्यथा मल्ल आपले आणि विजय परक्यांचा, हेच चित्र पुन्हा पुन्हा पाहावे लागेल.